फक्कीच्या रेषांमधले वैर

कबड्डीची नियमपुस्तिका उघडली की आधी डोळ्यांत भरतात ते त्यातले नकार. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबू नये. गळा आवळू नये. पायांची कैची घालू नये. केस धरू नयेत, कपडे धरू नयेत. अंगाला तेल चोपडून येऊ नये. नखे वाढवून येऊ नये. सभ्य माणसांनी एका खोलीत चहा पीत बसून हे सगळे कल्पनेने सुचवले असेल असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आपल्या किनाऱ्यावरचा जुन्या काळचा एखादा अंतिम सामना पाहायला हवा होता. पुस्तिकेतला एकेक नकार म्हणजे कुठल्या तरी मैदानावर कोणी तरी कोणावर केलेली करामत आहे. आधी ती घडली, मग भांडण झाले आणि मग कधी तरी कागदावर आली.

आपल्या मंडळाचा जमाखर्च, आजी-माजी पदाधिकारी, जिंकलेले आणि गमावलेले चषक यांची माहिती या स्मरणिकेत अन्यत्र आलेलीच आहे. संपादक मंडळाने माझ्यावर सोपवला आहे तो ज्या छताखाली आपण सगळे खेळतो त्या कबड्डी संघटनेचा इतिहास. मी तो अध्यक्ष-चिटणीसांच्या नावांनी सांगणार नाही. गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाच्या कडेला उभे राहण्यात माझे बरेच आयुष्य गेले. तिथून संघटना दिसते ती एकाच कामात गुंतलेली: धसमुसळ्या खेळाला आवर घालायचा, पण त्यातली ईर्ष्या मरू द्यायची नाही. हे काम तिने मैदानावर बऱ्यापैकी केले. कार्यालयात मात्र तिला ते जमले नाही. पण ते पुढे येईल.

संघटना नव्हती तेव्हाही खेळ होताच. केळवे-माहीमपासून सातपाटी-मुरब्यापर्यंतच्या पट्ट्यात भात कापून खाचरे मोकळी झाली की माती चोपून, पाणी मारून मैदान तयार व्हायचे. त्यावर फक्की टाकली की झाले. गडी किती, मैदान केवढे, सामना किती वेळ, सगळे गावागणिक वेगळे. हुतूतूचे तीन प्रकार जुन्या मंडळींना आठवत असतील. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी आत येतो; आजची कबड्डी याच प्रकारातून आली. गामिनीत बाद झालेला गडी आत येतच नाही, संघ पूर्ण बाद होईपर्यंत बाहेर बसून राहतो. अमरमध्ये कोणी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजत जायचे. दोन गावांचे संघ समोरासमोर आले की पहिला वाद कोणत्या प्रकाराने खेळायचे यावर. तो मिटेपर्यंत प्रेक्षक तापलेले, आणि मग खेळ सुरू होताच दुसरा, कायमचा वाद: दम तुटला की नाही.

दमाच्या वादाला तोड नव्हती. चढाईला गेलेला गडी मध्यरेषेपासून दोन हात अंतरावर पकडला गेलेला, अंगावर चार जण, तोंड मातीत, आणि त्याचा दम चालू आहे की बंद हे ठरवायचे कोणी? त्याचे गाववाले शपथेवर सांगणार की आवाज येत होता. समोरचे तितक्याच शपथेवर सांगणार की केव्हाच तुटला. यावर एक सोपा उपाय खेळाडूंनी शोधला होता, तो म्हणजे त्याचे तोंड दाबायचे. मग दम तुटतोच. नियमपुस्तिकेतला पहिला नकार आला तो इथून.

खेळ लेखी नियमांत बांधायची खटपट सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, आणि तीही तालमी-आखाड्यांतून. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या पुढाकाराने १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा झाली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेले. तिथे आपल्या देशी खेळांची जी प्रात्यक्षिके झाली त्यांत कबड्डीही होती. १९३८ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ती आली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला झाली आणि महिलांची १९५५ मध्ये कोलकात्याला. महिलांना फार वाट पाहावी लागली नाही, हे या महासंघाच्या बाजूने नोंदवून ठेवण्याजोगे आहे. मैदानी खेळांत मुलींना मागाहून, तेही नाइलाजाने घेण्याची आपली रीत पाहता तीन वर्षांचे अंतर म्हणजे काहीच नाही.

बंगालचा हाडुडू, मद्रासचा चेडूगुडू, आपला हुतूतू. प्रत्येकाला आपलाच खेळ मूळचा वाटत होता आणि प्रत्येकाचा धसमुसळेपणाही आपापल्या चालीचा होता. एका महासंघाखाली यायचे तर प्रत्येकाला काही तरी सोडणे भाग होते. महाराष्ट्राने हुतूतूचा हट्ट सोडला. घासाघीस बरीच झाली, आणि ते बरेच झाले. सगळ्यांना थोडे थोडे बोचणारे नियमच पुढे टिकले.

इथे थोडे लांब जाऊन येतो. कारण धसमुसळेपणातून नियम जन्मणे ही काही आपल्या मातीचीच खासियत नाही. कॅनडातल्या माँट्रियल शहरात ३ मार्च १८७५ रोजी व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये बंद छताखालचा पहिला आइस हॉकी सामना झाला. खेळणाऱ्यांत मॅकगिल विद्यापीठाशी संबंधित मुले होती. खेळ संपल्यावर, बर्फ आपल्यासाठी मोकळा झाला नाही म्हणून चिडलेल्या लोकांशी खेळाडूंची मारामारी झाली, आणि दुसऱ्या गावच्या वर्तमानपत्राने सामन्यापेक्षा त्या मारामारीचेच वर्णन चवीने छापले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, माँट्रियलच्या वर्तमानपत्रात त्या खेळाचे नियम प्रसिद्ध झाले. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये मुले जिवाला मुकू लागली तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतले. त्या हंगामानंतर नियम बदलले आणि कॉलेज खेळांवर देखरेख करणारी संघटना उभी राहिली. आजही तिकडे एक मजेदार फरक आहे. व्यावसायिक आइस हॉकीत दोघांनी हातमोजे फेकून गुद्दागुद्दी केली तर पाच मिनिटे बाहेर बसवतात आणि परत आत घेतात. कॉलेजच्या हॉकीत तसे केले तर तो सामना गेलाच, वर पुढच्या सामन्यालाही घरी बसावे लागते. पैसे घेऊन खेळणाऱ्याला गुद्दे माफ, विद्यार्थ्याला नाहीत. हा न्याय मला पटतो. आपल्याकडे उलटे आहे: प्रो कबड्डी लीगमध्ये कॅमेरे आणि कार्डे आहेत म्हणून खेळाडू जपून असतो, आणि गावच्या रात्रीच्या सामन्यात कोणी बघत नाही म्हणून सगळे चालते.

परत आपल्या फक्कीवर येऊ. नियमांचा खरा शहाणपणा दिसतो तो दोन-तीन ठिकाणी.

एक म्हणजे लॉबी. मैदानाच्या दोन्ही अंगांना एकेक मीटरची पट्टी. चढाईपटूचा आणि बचावातल्या गड्याचा एकमेकांना स्पर्श होईपर्यंत ती मैदानाबाहेर. स्पर्श झाला की आत. म्हणजे झटापट सुरू झाली की मैदान रुंद होते. ज्याने हे सुचवले त्याला झटापट म्हणजे काय हे नक्की ठाऊक होते. जागा अरुंद असली की माणूस माणसावर कोसळतो, हाडे मोडतात. जागा मिळाली की जोर पांगतो. आमच्या लहानपणी मैदानाच्या कडेला लागून प्रेक्षक बसत, आणि पकडलेला गडी त्यांच्या मांडीवरच येऊन पडायचा. त्यात प्रेक्षकांचे हातही मदतीला येत, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे वजन. गावच्या खेळात शंभर किलोचा भक्कम गडी कोपऱ्यात उभा केला की झाले. चढाईपटूने त्याच्या आसपासही फिरकू नये. वजनाची मर्यादा आली, पुरुषांसाठी ८५ किलोची, आणि खेळ एकदम चपळ माणसाच्या हाती गेला. पूर्वी कोपऱ्यातले गडी बसकण मारून वाट पाहत. आता घोट्याची पकड करायची तर झेप घ्यावी लागते, मांडीची पकड करायची तर वेळ साधावी लागते. दांडगाई उरली, पण तिला कौशल्याची जोड लागू लागली. पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, महिलांसाठी १२ बाय ८ मीटर हे मैदानाचे माप ठरले तेही याच कामी आले. सातपाटीचा संघ त्यांच्या मैदानाच्या मापाने खेळणार आणि आपला आपल्या, ही सबब संपली.

तिसरे तेल. अंगाला तेल चोपडून आलेला चढाईपटू म्हणजे हातातून सुटणारा मासाच. नाणेफेकीच्या आधी पंचाने प्रत्येकाच्या दंडावरून हात फिरवायचा, असा प्रकार मी स्वतः केला आहे आणि खेळाडूंच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. पुढे चतुर मंडळींनी तेल सोडून भलभलत्या गोष्टी लावायला सुरुवात केली, त्या इथे सांगत नाही; नव्या पिढीला उगाच कल्पना नकोत.

कार्डांचा नियम अलीकडचा. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद. दोन मिनिटांत सामना फिरू शकतो, हे कळल्यापासून खेळाडू स्वतःच आपल्या तापट सोबत्याला मागे ओढू लागले. पूर्वी ते काम फक्त पंचाचे होते, आणि चिडलेल्या माणसाच्या मध्ये उभे राहणे हे काम किती सुखाचे असते ते मी जाणतो.

धसमुसळेपणाला आवर घालण्यात नियमांइतकाच वाटा कॉलेजांचा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. १९६१ मध्ये विद्यापीठांच्या क्रीडा नियामक मंडळाने कबड्डी घेतली, १९६२ मध्ये शालेय क्रीडास्पर्धांत ती आली. १९७१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश केला. त्या दशकाच्या सुरुवातीलाच जुन्या महासंघाच्या जागी हौशी कबड्डी महासंघ आला. गावात चाळिशीपर्यंत खेळणारे गडी होते, त्यांना नियम शिकवायला गेलात तर ते तुम्हालाच शिकवत. कॉलेजातल्या मुलाला मात्र क्रीडा संचालकाच्या हाताखाली नियमाने खेळावेच लागे, कारण विद्यापीठाच्या सामन्यात गावातले काका धावून येत नाहीत. तोच मुलगा सुट्टीत घरी आला की मंडळाच्या मैदानावर सांगू लागला, अहो काका, कैची चालत नाही आता. पालघरचे दांडेकर महाविद्यालय असो की तारापूर-बोईसरची कॉलेजे, आपल्या पट्ट्यात नियम आले ते संघटनेच्या परिपत्रकांपेक्षा अशा पोरांच्या तोंडून.

आणखी एक गंमत कॉलेजने केली. गावच्या स्पर्धेत एकमेकांना पाण्यात पाहणारी शिरगावची आणि सातपाटीची पोरे कॉलेजच्या संघात एकाच रंगाच्या जर्सीत आली. एकाने आदल्या हिवाळ्यात दुसऱ्याच्या खांद्यावर उडी घेतलेली, आणि आता दोघांनी हातात हात घालून साखळी धरायची, समोर विरारचे किंवा कल्याणचे कॉलेज. पुढे मुंबई विद्यापीठाच्या संघात ते विरारवालेच सोबती. वैराची रेषा अशी दर पायरीला बाहेर सरकत जाते. आपल्या गावांना हे नवे नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा जे पाच जण हुतात्मा झाले ते एका गावचे नव्हते. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि खुद्द पालघर अशा पाच ठिकाणचे होते. त्या वेळीही या गावांमध्ये बांधावरून आणि पाण्यावरून भांडणे असतीलच.

राज्य पातळीवर महाराष्ट्राची कबड्डी मोठी झाली ती मुंबईच्या गिरणगावात. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या चाळींतली मंडळे, कोकणातून आलेले गिरणी कामगार, आणि मंडळामंडळांतली चुरस. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळाच्या संघटनेचे जे काम केले त्यामुळे त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. खेळाडूला नोकरी आणि नोकरीमुळे खेळ, ही साखळी तिथे घट्ट झाली: बँका, रेल्वे, पोलीस, मोठ्या कंपन्या यांचे व्यावसायिक संघ. १९८२ च्या संपाने गिरणगाव विस्कटला आणि पुढे चाळींच्या जागी टॉवर आले तेव्हा मैदानेही गेली. आपल्याकडे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने आणि अणुवीज केंद्राने गावोगावच्या पोरांना काम दिले, पण गिरणगावासारखी खेळाडूंना पोसणारी पद्धत इथे रुजली नाही. कारखान्याला हात हवे होते, चढाईपटू नको होते. याची खंत मी बोलून दाखवतो; इतरांचे मत वेगळे असू शकते.

महिला कबड्डीत नोकरीचा परिणाम अधिक ठळक दिसतो. राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय रेल्वेचे वर्चस्व वर्षानुवर्षे टिकले, कारण चांगली खेळाडू नोकरीसाठी रेल्वेकडे जाते आणि मग रेल्वेकडूनच खेळते. महाराष्ट्राच्या मुली रेल्वेशी खेळतात तेव्हा समोरच्या संघातही बहुधा मराठी बोलणारी पोर असते. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. भारताने अंतिम फेरीत इराणला २५-१९ असे हरवले. त्या संघातल्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. मुलींना कबड्डीला पाठवायचे की नाही यावर घराघरांत चालणारी चर्चा त्या एका बातमीने बरीच सोपी केली.

पुरुषांचा महाराष्ट्र संघ अकरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय विजेता झाला. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखालील संघाने सेनादलाला ३४-२९ असे हरवले.

आता देशाबाहेरची ईर्ष्या. सुरुवातीला ती बांगलादेशाशी होती. त्यांनी कबड्डीला राष्ट्रीय खेळ मानले. १९७४ मध्ये भारतीय संघ पाच कसोटी सामने खेळायला तिकडे गेला, १९७९ मध्ये त्यांचा संघ इकडे आला. मधल्या काळात, १९७८ मध्ये, भिलाईत आशियाई महासंघाची स्थापना झाली, आणि १९८० मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत फक्त प्रात्यक्षिक होते. १९९० मध्ये बीजिंगला पदकासाठी खेळ झाला आणि भारताने सुवर्णपदक घेतले. तिथून २०१४ पर्यंत सलग सात सुवर्णपदके. इतके यश कोणालाही आळशी बनवते.

इराण आला तो कुस्तीच्या अंगाने. त्यांच्या गड्यांची पकड सुटत नाही, कंबर धरली की माणूस उचलला जातो. आपल्या धसमुसळेपणाला आपण ज्या नियमांत बसवले, त्या नियमांच्या आत राहून ते आपल्याहून दांडगे खेळतात. २०१४ ला इंचनमध्ये अंतिम सामना आपण २७-२५ असा जेमतेम जिंकला. २०१८ ला जकार्तात उपांत्य फेरीत त्यांनी आपल्या पुरुषांना हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात भारत २४, इराण २७. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. पराभवाचे दुःख आणि प्रशिक्षकाचा अभिमान असे दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणारा दुसरा सामना मला आठवत नाही. काहींनी त्यांना दूषणे दिली. मला ती मंडळी समजलीच नाहीत. आपल्या मातीतली विद्या परदेशी जिंकते आणि ती शिकवायला आपल्याकडचीच बाई लागते, यात लाज कसली? लाज वाटायचीच तर ती अशा प्रशिक्षकांना इथे काय दिले याची वाटावी.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतल्या पुरुषांच्या अंतिम सामन्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नियमांचे काम काय असते ते तिथे सगळ्या जगाने पाहिले. ७ ऑक्टोबर. गुण २८-२८. सामना संपत आलेला. कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला, कोणाला स्पर्श न करता लॉबीत गेला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. एका नियमाप्रमाणे चढाईपटू तर बाद होताच, पण मागे गेलेले सगळे गडीही बाद. दुसऱ्या, सुधारलेल्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. कोणता नियम लागू, यावर पंचांचा निर्णय दोन-तीनदा फिरला. खेळाडू मैदानावर बसून राहिले. तासभर खेळ थांबला. शेवटी भारताला तीन आणि इराणला एक गुण मिळाला, आणि सामना ३३-२९ असा भारताने जिंकला. त्याच दिवशी महिलांनीही चायनीज तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्ण परत आणले होते.

ते चित्रण पाहताना मला आपल्या खाचरातला दमाचा वाद आठवला. मैदान सिंथेटिक, कॅमेरे डझनभर, पण भांडण तेच: नियम कोणाचा? सामन्याच्या आधी पंचांची बैठक घेऊन लॉबीचा नियम एका वाक्यात सांगितला असता, तर तो तास वाया गेला नसता. सुवर्णपदक मिळाले म्हणून आपण ते विसरलो. पदक हातून गेले असते तर चौकशी समिती बसली असती.

सुरुवातीला म्हटले तसे, कार्यालयातल्या वैरावर संघटनेला शिट्टी फुंकता आली नाही. हौशी महासंघावर एकाच कुटुंबाचा वर्षानुवर्षे वरचष्मा राहिला. माजी खेळाडू न्यायालयात गेले, आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कुटुंबातल्यांची पदांवरची निवड रद्द करून प्रशासक नेमला. जकार्ताहून परतलेला भारतीय संघ आणि तक्रारदारांचा संघ यांच्यात सप्टेंबरमध्ये दिल्लीत सामना व्हायचा होता. जकार्ताचा संघ मैदानावर आलाच नाही. त्याच सुमारास दुसरा महासंघ, दुसरी लीग. खेळाडूने कोणाकडे जायचे? एकीकडे गेला तर दुसरीकडची दारे बंद. पंजाबच्या वर्तुळातल्या कबड्डीत, जिथे थप्पड मारणे नियमातच बसते, संघटनांमधल्या स्पर्धेला गुन्हेगारीचा वास लागला. १४ मार्च २०२२ रोजी संदीप नंगल अंबियन या आंतरराष्ट्रीय खेळाडूला जालंधर जिल्ह्यात स्पर्धेच्या ठिकाणीच गोळ्या घालून मारण्यात आले. मैदानावरचा धसमुसळेपणा कधी कोणाचा जीव घेईल अशी भीती आपण बाळगत होतो. तो जीव गेला तो मैदानाच्या कडेला, खेळाशी संबंध नसलेल्या पिस्तुलाने.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ जुलैला, मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना यू मुंबा आणि जयपूर यांच्यात झाला. दोन्ही गोष्टी आपल्या मंडळासाठी महत्त्वाच्या ठरल्या. जिल्हा झाल्यामुळे ठाण्याच्या संघात जागा मिळवण्यासाठी कल्याण-डोंबिवलीच्या मुलांशी झगडणारी आपली पोरे पालघर म्हणून राज्य स्पर्धेत उतरू लागली. लीगमुळे मांडी थोपटणे, तीस सेकंदांची चढाई, तिसरी निर्णायक चढाई आणि सुपर टॅकल हे शब्द दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडी आले. यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांची लढत असली की आपल्या नाक्यावर अजूनही दोन तट पडतात. इराणचा फझल अत्राचली दोन्ही संघांकडून खेळला आणि कोपऱ्यातल्या त्याच्या पकडींनी इथल्या मुलांना ‘सुलतान’ दिला. मार्च २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ ने हरवून लीग जिंकली. अहमदनगरचा पोरगा कर्णधार, हे पाहून आपल्या कुमार गटातल्या मुलांना जे वाटले ते कुठल्याही शिबिराने वाटले नसते.

लीगने एक वाईटही केले. गावच्या स्पर्धांना आता रोषणाई, ध्वनिवर्धक आणि मोठ्या रकमेची पारितोषिके लागतात, आणि या सगळ्यात खर्चाची काटछाट होते ती पंचांच्या मानधनाची, डॉक्टरची आणि चांगल्या मॅटची. पायाचा स्नायुबंध तुटलेला मुलगा रिक्षात घालून पालघरला नेताना मी पाहिला आहे, आणि त्याच वेळी मंचावर सत्कार चालू होते. आपल्या स्पर्धेत तसे होऊ नये एवढी काळजी मंडळाने घ्यावी.

शेवटी एक विनंती, आणि ती खेळाडूंना नाही, खेळून झालेल्यांना आहे. पालघर जिल्ह्यात खेळाडू भरपूर आहेत, पंच पुरेसे नाहीत. गुडघा दुखतो, वजन वाढले, आता संघात जागा नाही, असे म्हणत पायरीवर बसून पत्ते खेळणाऱ्यांनी जिल्हा संघटनेच्या पंच परीक्षेला बसावे. नियमपुस्तिका पातळ आहे, आठवड्यात वाचून होते. लॉबीचा नियम तेवढा दोनदा वाचा.